बिनपोचेचा निरोप

सांगते हो आबा, सांगते. परीक्षेचं काय झालं तेच विचारताय ना? आधी जरा टेकू तर द्या मला. वर गेल्यापासून तुम्हाला काही कामधंदा उरला नाही, म्हणून नुसत्या चौकशा वाढल्यात. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तुमचे जावई होते ना, तसाच, कुरकुर करतो आणि कामही करतो. इकडे ऊन लय आहे. पीकपाणी विचाराल तर जोगेश्वरीत पीक फक्त बिल्डिंगींचं, आणि ते यंदा जोरात आलंय. गल्लीच्या तोंडाशी वर्सोव्याची कोळीण बसते, तिच्याशी सकाळीच भांडले. बोंबील शिळे आहेत म्हटलं तर म्हणते, "तू तरी कुठं ताजी हाय गो?" मी इतकी हसले की भाव न करताच घेऊन आले. तर असं सगळं बरं चाललंय.

तुम्हाला परीक्षा म्हणजे माझी सातवीची आठवत असणार. ही ती नव्हे. तुमचे जावई केबलवाल्याकडे होते, गच्चीगच्चीवरून वायरी ओढायचे, ते तुम्हाला ठाऊक आहे. ते वारल्यावर त्या केबलवाल्या शेठने मला त्याच ऑफिसात तक्रारीच्या फोनवर बसवलं. म्हणाला, "भाभी, घरी बसून काय करणार? इथे बसून लोकांच्या शिव्या खा." तेव्हापासून खातेय. आधी टीव्ही दिसत नाही म्हणून शिव्या, मग घराघरांत इंटरनेट गेलं तेव्हापासून नेट गेलं म्हणून शिव्या. नेट गेलं की माणूस असा ओरडतो जसा कोणी त्याच्या नरड्यावर पाय दिलाय. मी विचारते, "दादा, डब्यावरचा दिवा लाल आहे की हिरवा?" तो म्हणतो, "अहो बाई, मॅच चालू आहे इकडे!" मी म्हणते, "मग बरंच झालं ना दादा, हरतच होते." मग तो आणखी ओरडतो, आणि मग हसतो. एक आजोबा तर सगळं नीट चालू असताना पण फोन करतात आणि विचारतात, "सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे?" दिवस जातो. काम म्हणजे काय, काम असतं.

आता शेठने धंदा मोठ्या कंपनीला विकला. कंपनीचा माणूस आला, शर्ट पँटीत खोचलेला, केसाला केस चिकटलेला. म्हणाला, तक्रारीच्या फोनवर बसायचं तर नेटवर्किंगचं पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट लागेल. महिनाअखेर दाखवलं तर खुर्ची तुमची, नाही तर दुसरं कोणी बसेल. मी विचारलं, "साहेब, शिव्या खायचं पण सर्टिफिकेट मिळतं का? त्यात मी पहिली येईन." तो हसला नाही. न हसणाऱ्या माणसापुढे माझं काही चालत नाही आबा, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? माझ्याकडे दुसरं काही नाही. धुणीभांडी करायला गुडघा नाही, पोळ्या लाटायला खांदा नाही. लेक बदलापूरला, तिच्या घरात तिचीच माणसं मावत नाहीत. पण मी सगळ्यांना सांगितलं, शेठ एवढं म्हणतोय तर बसते, त्याचा मान राखायचा, मला काय पडलंय.

क्लास रविवारी, आमच्या गुंफेमागच्या वस्तीत, विहाराच्या वरच्या खोलीत. शिकवणारी पोरगी आपल्यातलीच, तिच्या आजीशी मी नळावर भांडलेय. आता अंधेरीला मोठ्या ऑफिसात आहे आणि रविवारची झोप सोडून आम्हाला शिकवते. ती मला मावशी म्हणते, मी तिला मॅडम म्हणते. मुद्दाम, कारण ती लाजते. बाकी सगळी नुकती कॉलेजातून सुटलेली पोरं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी झाडू मारायला आलेय. एकाने खुर्चीत बसल्या बसल्या पाय वर घेतले. मी वाकून त्याच्या खुर्चीखाली बघितलं, म्हटलं, "स्वच्छ आहे रे, ठेव पाय खाली," आणि त्याच्याच शेजारी बसले. तो बिचारा अजून माझ्यासाठी जागा धरतो.

मॅडम विचारते, "मावशी, सात थर पाठ झाले का?" निरोप एका मशीनमधून निघताना सात थर उतरतो आणि दुसऱ्या मशीनमध्ये सात थर चढतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणते, "झाले की मॅडम. फक्त वरचा गोविंदा रोज खाली पडतो." सगळे हसतात. हसवलं की पुन्हा कोणी विचारत नाही. ही युक्ती माझी शाळेपासूनची, गुरुजी तुमच्याकडे तक्रार घेऊन आले होते बघा. एक गोष्ट मात्र मला आवडली, पिंग म्हणतात तिला. एक मशीन दुसऱ्याला हाक मारतं, आहेस का? ते म्हणतं, आहे. बस, एवढंच. मॅडमने मला करायला दिलं, उत्तर आलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मग तिने नसलेल्या पत्त्यावर हाक मारायला लावली. मशीन बिचारं हाक मारतं, थांबतं, पुन्हा मारतं, आणि शेवटी लिहून दाखवतं की वेळ संपली. तो पत्ता कोणाचा धरला होता मी मनात, ते सांगत नाही. तुम्ही फुगाल.

पण बाकी सगळी वाट लागलेली, आबा. मशीनच्या एका मोठ्या पत्त्याचे लहान लहान वाटे पाडायचे असतात, भावाभावांत शेताचे पाडतात तसे, पण इथे बांध दिसत नाही. सगळं शून्य आणि एकमध्ये मांडायचं. मॅडमने शेंगदाणे मांडून शिकवलं. पोळीचे तुकडे करून शिकवलं. पोळी मी खाल्ली, समजलं काहीच नाही. मान हलवली, कारण तिचा चेहरा बघवत नव्हता. आणि पेपर सगळा इंग्रजीत. मी इंग्रजी वाचते ती बोट ठेवून, बस कुठली ते बघावं तशी, आणि पहिलं वाक्य संपेपर्यंत बस निघून गेलेली असते. सरावाच्या पहिल्या पेपरात कळलं की हे आपलं नाही. दुसऱ्यात पण तेच कळलं. लोक म्हणतात, मावशी, वय म्हणजे काय, नुसता आकडा. त्यांचं वय कमी आहे ना, म्हणून त्यांना आकडा वाटतो. मला वाटायचं, एखाद दिवस भाजी निवडताना डोक्यात एकदम उजेड पडेल. मेथी निवडून व्हायची, उजेड काही पडायचा नाही.

त्यातल्या एका चुकीची गोष्ट सांगते, कारण त्यात तुमचाच हात आहे. मशीनचा निरोप दोन तऱ्हांनी जातो. एकात समोरचा पोच देतो, मिळालं म्हणून. पोच नाही आली तर निरोप पुन्हा धाडतात. दुसऱ्या तऱ्हेत धाडला की झालं, पोचला का वाटेत मेला, कोणी बघत नाही. सरावाच्या पेपरात प्रश्न आला, एक अक्षरही हरवून चालणार नाही असा निरोप कुठल्या तऱ्हेने धाडाल? मी बिनपोचेच्या तऱ्हेवर खूण केली. मॅडमने कपाळाला हात लावला. "मावशी, हा तर सगळ्यात सोपा होता. हा कसा चुकला?" मी म्हटलं, "अगं, आमच्याकडे सगळ्यात मोठा निरोप बिनपोचेचाच जायचा. आबा न्यायचे." तिला वाटलं तुम्ही पोस्टात होता. मग मी तिला सांगावा म्हणजे काय ते सांगितलं. गावात मोठ्यांच्या घरी कोणी मेलं की पै-पाहुण्यांना सांगायला आपल्या माणसानं धावायचं, रात्र असो, ऊन असो. ती ऐकत राहिली. म्हणाली, "माझ्या पणजोबांनी पण केलं असेल का हे?" मी म्हटलं, "कोणाच्या पणजोबांनी नाही केलं, ते विचार." ती डोळे पुसून म्हणाली, "पण मावशी, उत्तर पोचेचंच आहे हं." अशी कडक आहे.

तिला मी सगळं नाही सांगितलं. तो दिवस तुम्हाला आठवतो का? आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली, घरात कोणी नाही, म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलं. पाटलाची म्हातारी गेलेली असते, आणि तिच्या लेकीच्या सासरी सांगावा न्यायचा असतो. तुम्ही पुढे सांगाव्याची काठी घेऊन, मी मागे पळत. त्या गावात पोचतो आणि अंगणाबाहेर उन्हात बसतो. सावली होती भिंतीची, पण ती त्यांची होती. लेक बाहेर येते. तुम्ही आधी विचारता, "पाऊस काय म्हणतोय हिकडं? म्हस व्याली का?" ती वरून ओंजळीत पाणी ओतते, तुम्ही पिता, मी पिते. मग तुम्ही जमिनीकडे बघत म्हणता, "म्हातारी जरा नरम हाय. बोलीवलंय." ती बाई तुमच्याकडे बघते, काठीकडे बघते, पदर तोंडात कोंबते आणि आत पळते. बाहेर येते तेव्हा पायात काही नाही. ती पुढे, तिचा दीर तिच्याबरोबर, आणि लांब मागे आपण दोघं. वाटभर कोणी 'मेली' म्हणत नाही. आपल्या गावची वेस दिसली तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "आक्का, म्हातारी सकाळीच गेली," आणि ती तिथेच मातीत बसली.

मी विचारलं होतं, "आबा, तुम्ही खोटं का बोललात?" तुम्ही म्हणालात, "तिला एवढं लांब चालायचं हुतं. मेली म्हटल्यावर पाय चालत न्हाईत, पोरी. वेशीवर सांगायचं. थितनं पुढं माणसं धरून नेत्यात." तिला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. तरी दोघांनी तेवढी वाट 'नरम'वरच काढली. आणि मग पाटलाच्या दारात आपण उभे, आणि वरून भाकरी पडली. मी ती मस्त झेलली. एकदम झकास झेलली, आबा, आणि तुमच्याकडे बघितलं, शाब्बास म्हणाल म्हणून. तुम्ही दुसरीकडेच बघत होता. त्यानंतर तुम्ही एकही सांगावा नेला नाही. वस्तीतल्या बाकीच्यांनी कधीच सोडलेलं, तुम्हीच एकटे उरला होता. गावकीचा माणूस बोलवायला आला तर तुम्ही खाटेवरून न उठता म्हणालात, "ज्याचं मानूस मेलंय त्यानं पळावं." आई घाबरून चुलीपाशी बसली. मला तर तुमच्या मिशीचाच अभिमान वाटला, ती अशी थरथरत होती.

त्याच आठवड्याच्या बाजाराला तुम्ही मला लाल रबरी चपला आणल्यात. मी त्या घरात घातल्या, वस्तीत घातल्या, आणि शाळेत जाताना वरची आळी आली की काढून हातात घेतल्या, कारण बाकीच्या पोरी तशाच जायच्या. तुम्ही कुठून बघितलं देव जाणे. देव म्हटलं म्हणून पुन्हा ओरडू नका. भर आळीत तुम्ही ओरडलात, "हातात घालायला आणल्यात व्हय गं? पायात घाल!" मी घातल्या. लाजेने मेले, आणि मग मुद्दाम अशा फटाक फटाक वाजवत गेले, की एका म्हातारीने खिडकी आपटली. आता गंमत बघा. विहाराच्या त्या वरच्या खोलीबाहेर पाटी आहे, चपला बाहेर काढा. मशीनला धूळ चालत नाही म्हणे. पहिल्या दिवशी मी दारातच थांबले. मॅडम म्हणाली, "काय झालं मावशी?" मी म्हटलं, "काही नाही गं. आबा ओरडतील." तिला काही कळलं नाही. मग तिने स्वतःच्या काढल्या, त्या पाय वर घेणाऱ्या पोराने काढल्या, सगळ्यांच्या एकाच ढिगात पडल्या, तेव्हा मी पण काढल्या.

आणि तुमचा सांगावा मला कसा आला, ते तर तुम्हाला कोणी सांगितलंच नसेल. तुम्ही तर आधीच निघून गेलेले. तेव्हा आमच्या चाळीत एकाच घरी फोन होता. भावाचा फोन आला. त्याने आधी विचारलं, जावई कसे आहेत, इकडे पाऊस झाला का, लेक शाळेत जाते का. मग म्हणाला, "आबा जरा नरम आहेत. ये." मी म्हटलं, "कधी गेले?" तो पलीकडे रडायला लागला, आणि तरी म्हणत राहिला, "नाही नाही, नरम आहेत, तू ये." मी पण म्हटलं, "बरं, नरम आहेत ना, येते." एसटीत रात्रभर मी शेजारच्या बाईला सांगत होते, वडील जरा आजारी आहेत. वेशीवर दोन चुलते उभे दिसले, तिथून पुढे मला आठवत नाही.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. बोंबील झाले, गुडघा झाला, शेठ झाला, चपला झाल्या. तुमचीच युक्ती तुमच्यापुढे कशी चालणार? पहिल्या ओळीलाच तुम्ही काठीकडे बघितलं असणार. वेस आली, आबा. परीक्षा शनिवारी झाली. अंधेरीला एका काचेच्या इमारतीत, एसीत, चपला काढायला नाही लावल्या. पोचेचा तो प्रश्न आला होता, तो मी बरोबर केला. एवढा एकच नीट आठवतो. बाकीच्यांवर बोट ठेवून वाचत होते तोवर वेळ संपली, त्या मशीनने दाखवलं होतं तसंच. शेवटचं बटण दाबलं की निकाल तिथल्या तिथे दिसतो. दिसला. नापास. तिथला परीक्षेवर लक्ष ठेवणारा माणूस म्हणाला, "आंटी, नेक्स्ट टाइम." पुढची तारीख महिनाअखेरच्या नंतरची आहे, आणि ती आधीची असती तरी काय? ते वाटे मला जन्मात पाडता येणार नाहीत.

मॅडम खाली गेटवर उभी होती, ऑफिसला सुट्टी टाकून. म्हणाली, "मावशी?" मी म्हटलं, "निकाल मागाहून कळवणार आहेत." निकाल लगेच दिसतो हे तिनेच मला सांगितलं होतं, आबा. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "बरं मावशी. चला, ऊन आहे, हळूहळू चालू." आणि आम्ही दोघी रस्ताभर पेरूचे भाव किती वाढलेत त्यावर बोललो.

हे मी ऑफिसातच लिहितेय, दुपारचे फोन कमी असतात तेव्हा, नव्या कंपनीच्या जाहिरातीच्या कागदांच्या पाठीवर. पुढच्या महिन्यात या खुर्चीवर कोण बसेल, माहीत नाही. बसणारीला मी सांगून ठेवीन की त्या आजोबांचा फोन आला तर लगेच ठेवू नकोस. कागद कुठे टाकायचे नाहीत. तुमचा पत्ता नाही, आणि पोच तुम्ही कधी मागितली नाहीत. फोन वाजतोय, कोणाचं तरी नेट गेलंय.

एक राहिलं. शेठसाठी बसतेय, मला काय पडलंय, असं सगळ्यांना सांगत फिरले, तुम्हाला पण वर तेच लिहिलं. ते खोटं आहे. मला पास व्हायचं होतं, आबा. फार व्हायचं होतं.